विकणाऱ्याचा पदर

बाईला लुगडं विकायचं असेल तर ते आधी स्वतः नेसावं लागतं. हे ज्याला जमत नसेल त्याने खामगावच्या कापडबाजारात नोकरी मागू नये, अशी निदान मी नोकरीला लागलो तेव्हा तरी रीत होती. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. कापसाच्या हंगामात गावोगावच्या बाया जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांवर बसून यायच्या आणि कापूस काट्यावर चढला की आमच्या दुकानात शिरायच्या. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायच्या. समोर लुगड्यांचा ढीग पडायचा आणि तासाभराने एखादी बोट दाखवून म्हणायची, "ते हिरवं पाहू. नेसून दाखवा."

मग आमच्यातला एक जण उठायचा. धोतर-सदऱ्यावरूनच लुगडं कमरेला गुंडाळायचा, निऱ्या घालून खोचायचा, कासोटा मारायचा आणि पदर डाव्या खांद्यावरून पुढे ओढून हातावर पसरायचा. पुढे, हं. नेसणारी बाई पदर मागे टाकते. विकणारा तो पुढे घेतो, कारण गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं आणि लुगड्याची सगळी ऐट पदरात असते. बुट्टे वर, काठ बाहेर, हात कोपरातून वाकलेला. शेठजींनी पहिल्या दिवशी मला शिकवलं ते एवढंच.

दुकानात आम्ही चौघे होतो. बाकीचे तिघे नेसायचे ते गळ्यात पडलेलं काम उरकावं तसे. मी नेसलो की गादीवरची बडबड थांबायची. "त्यालेच सांगा नेसाले," बाया म्हणायच्या, "त्याच्या अंगावर लुगडं बसते." शेठजी खूश व्हायचे. मी किती खूश व्हायचो ते मी कुणाला कळू देत नसे.

आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही, तेव्हा सरळ सांगतो. निऱ्या पोटाशी खोचल्या की माझं चित्त ठिकाणावर यायचं. एरवी दिवसभर आपण कुणाचा तरी सदरा उसना घालून फिरतोय असं वाटायचं. याला काय म्हणतात ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आता लोक दोन-चार नावं सांगतात, पण नावावाचून माझं काही अडलं नाही.

अडलं ते उंबरठ्यापाशी. दिवसातून पन्नास वेळा मी अख्ख्या खामगावादेखत लुगडं नेसायचो, सोडायचो, आणि कुणाच्या कपाळाला आठी पडत नसे. गणपतीत नाटकात बाईचं काम करणाऱ्याला तर लोक शाल-नारळ द्यायचे. पण तेच लुगडं नेसून दुकानाच्या तीन पायऱ्या उतरलो असतो तर चौथ्या पावलाला माझं काय झालं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि मला त्या पायऱ्याच उतरायच्या होत्या. भर उन्हात, रस्त्याने, चार बायांसारखं चालत जायचं आणि धडधाकट परत यायचं, एवढीच माझी हाव होती.

एका दसऱ्याला शेठजींनी मला एक लुगडं दिलं. हिरवंगार, तांबडा काठ, आणि काठाला रंगाचा हा एवढा डाग. "हे काही विकलं जात नाही, वहिनीले दे," ते म्हणाले. माझा थोरला भाऊ आणि वहिनी देऊळघाटला शेती करून राहायचे. वहिनीला ते लुगडं आजतागायत मिळालेलं नाही.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी पहिल्या मोटारीने लोणारला जायला लागलो. तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. पिशवीत लुगडं, पोलकं, बांगड्या, कुंकवाची डबी आणि अंबाड्यासाठी एक गंगावन. तळ्याच्या उतारावरून खाली गेलं की झाडीत जुनी पडकी देवळं आहेत. वटवाघळांचा वास सहन झाला तर कपडे बदलायला त्याच्यासारखी जागा नाही. त्या देवळातून मी पहिल्यांदा बाहेर आलो तेव्हा मला पाहिलं ते माकडांनी. एक म्हातारं वानर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलं आणि मग पाठ खाजवायला लागलं. इतक्या सभ्यपणे माझ्याकडे नंतर फार कमी जणांनी पाहिलं.

पुढे धीर वाढला तसा मी उतार चढून गावात जायला लागलो, आणि जगणं शिकायला लागलो. एकट्या बाईच्या मागे लोक लागतात, म्हणून सरपण घेऊन निघालेल्या चार-पाच बायांच्या मागून चालायचं. फार जवळ जायचं नाही, नाहीतर त्या बोलायला थांबतात. फार मागेही राहायचं नाही. हात मोठे, म्हणून ते पदराखाली. सकाळपासून पाणी प्यायचं नाही, कारण बायांच्या आडोशाला मी जाऊ शकत नव्हतो आणि पुरुषांच्या आडोशाला जाणं म्हणजे जिवाशी खेळ. दाढी खामगावला एकदा आणि देवळात एकदा. दुकानांसमोर रेंगाळायचं नाही. कुणी हाक मारली तर वळून बघायचं नाही, आणि पळायचं तर मुळीच नाही. पळणाऱ्याच्या मागे कुत्रीही लागतात.

बोलण्याची मात्र भीती नव्हती. आवाज मुळात बारीक. आणि आमच्याकडच्या कितीतरी बाया 'जातो मी', 'येतो मी' असंच म्हणतात, त्यामुळे क्रियापदाने घात करण्याचा प्रश्न नव्हता. पुण्याच्या बाजूला जन्मलो असतो तर पहिल्याच वाक्याला सापडलो असतो. एका गोष्टीची तेवढी मौज वाटायची. आमच्याकडे गड्याला 'बे' म्हणून हाक मारतात आणि बाईला 'वं'. जन्मभर मी 'काय बे', 'कुठं चालला बे' ऐकत आलो होतो. लोणारच्या रस्त्यावर एका म्हातारीने मला "बाजू हो वं" म्हटलं तेव्हा मी बाजू झालो आणि पुढे कितीतरी वेळ एकटाच हसत चाललो.

वाईट अनुभव? आले की. पण ते सुरू कुठून झाले ते ऐका. माझ्या अंगावर पहिला हात पडला तो मी पुरुष आहे हे कळलं म्हणून पडला नाही. मी बाई आहे असं वाटलं म्हणून पडला. सायकलवाला घंटी वाजवत शेजारून गेला आणि जाता जाता चिमटा काढून गेला. पानठेल्यावरचे दोघे "ओ वहिनी" करत फर्लांगभर मागून आले. घरी येऊन मी विचार केला, की आमच्या दुकानात येणाऱ्या, हसणाऱ्या, काठाचा धागा नखाने तपासणाऱ्या त्या सगळ्या बाया हे सोसून पायरी चढत होत्या आणि एका शब्दाने बोलत नव्हत्या. मला राग आला. तो अजून उतरलेला नाही. पुढच्या खेपेपासून मी पोलक्याला एक मोठी पिन लावायला लागलो.

मग एके दिवशी ठरवलं, लुगड्यातच मोटारीत बसायचं. लोणारहून मेहकरपर्यंत तरी. मेहकरच्या अलीकडे उतरून ओढ्यात कपडे बदलायचे आणि मागची गाडी धरून खामगावला जायचं. दुपारची खामगावची गाडी निम्मी रिकामी होती. बायांसाठी राखलेल्या पुढच्या बाकावर एक बाई बसली होती, पन्नाशीची, उन्हाने रापलेली. मांडीवर रिकामी टोपली. भाजी विकून गावी परत निघालेली असावी. मी तिच्याशेजारी बसलो. कंडक्टरने तिकीट फाडलं. माझ्याकडे कुणी बघेना. मोटार सुटली आणि खिडकीतून वारा आला तेव्हा मला वाटलं, आता मेलो तरी हरकत नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून, पाठीच्या फटीतून, एक हात आला.

मी सरकलो. हातही सरकला. मी मान वळवून पाहिलं. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा, आणि चेहरा देवळात कीर्तनाला बसल्यासारखा. मी पिन काढली आणि त्या हातात टोचली. नुसती टोचली नाही, खुपसली. "अगं आई!" करून तो ओरडला आणि सगळी गाडी त्याच्याकडे बघायला लागली. डास चावला म्हणून सांगता येईना आणि खरं सांगता येईना. त्याने हात तोंडात घातला. या पिनेमुळेच पुढचं सगळं झालं, तरी तिचा मला आजही पश्चात्ताप नाही.

शेजारच्या बाईने सगळं पाहिलं होतं. ती गालात हसली. मग तिची नजर माझ्या डाव्या हातावर गेली. जीव थोडा सैल झाला होता ना, त्या नादात माझा हात कोपरातून वाकला होता आणि डोक्यावरून घेतलेल्या पदराचं टोक त्याच्यावर पसरलं होतं. बुट्टे वर, काठ बाहेर. समोर फक्त ड्रायव्हरची पाठ होती, पण माझा हात तिला लुगडं दाखवत होता. सवयीचा हात, दुसरं काय.

"पदर असा काऊन धरला वं बाई?" ती मोठ्याने हसून म्हणाली. "दुकानदारावानी! इकाले काढला का?"

तिच्या मनात काही नव्हतं. पण मागच्या टोपीवाल्याने ते ऐकलं. तो उठला, पुढे वाकला, माझ्या हाताकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं. मग त्याने माझ्या डोक्यावरचा पदर खसकन ओढला आणि त्याच्याबरोबर गंगावनही गेलं.

"अरे, हा तं मानूस हाये!"

आमच्याकडे पुरुषाला माणूसच म्हणतात. हा माणूस आहे असं ओरडत लोक मला मारायला धावले. त्यातली गंमत मला पुष्कळ वर्षांनी कळली. तेव्हा फक्त कंडक्टरची घंटी ऐकू आली. मोटार एका फाट्यावर थांबली. तिथं चहाचं एक हॉटेल आणि दोन बैलगाड्या होत्या. मला खाली ओढलं. कुणी तरी 'पोरं धरनारा हाये' म्हणालं आणि मग विचारायलाच नको. त्या दिवसांत पोरं पळवणाऱ्यांच्या अफवा वरचेवर उठायच्या. अशा अफवेत सापडलेल्याला लोक कसं मारतात ते मी ऐकून होतो. पहिल्या थपडेला दात हलला, दुसरीला पडला. टोपीवाला ओरडत होता, "लुगडं सोडा त्याचं! पाहू कोन हाये ते!"

चार हात माझ्या कासोट्याला भिडले. तो सुटला नाही. नऊवारीचा कासोटा मी दिवसाला पन्नास वेळा घालत होतो, तो या भुक्कडांना सुटणार होता थोडाच! तरी मी घाबरलो होतो, खोटं सांगत नाही.

मग ती शेजारची बाई टोपली घेऊन मोटारीतून उतरली आणि मध्ये घुसली. "थांबा बे! पोरं धरनारा नाई तो. कपड्याच्या दुकानातला हाये. मी पाह्यलं ना त्याले. लुगड्याचा नमुना दाखवत फिरते तो." मग माझ्याकडे वळून, डोळे वटारून, "सांग ना बे! दुकानातला हायेस ना?"

तिने मला कधी दुकानात पाहिलं नव्हतं. पदर बघून तिने ओळखलं होतं. आपण केलेल्या थट्टेने एक जीव जाणार असं दिसलं आणि तिने हाताला आलं ते खोटं पुढे केलं. ते अर्धं खरं निघालं हे माझं नशीब.

"हो," मी म्हणालो. "खामगावच्या दुकानातला."

"मंग दाखव नेसून," गर्दीतून एक जण म्हणाला.

आणि मी दाखवलं. तोंडातून रक्त गळत होतं. मी पदर खांद्यावरून पुढे घेतला, हातावर पसरला आणि दुकानातली टकळी सुरू केली. पाहा बाई, काठ पाहा, पोत पाहा, पक्का रंग, धुतल्यावर सांगाल. लोक हसायला लागले. हॉटेलवाल्याने पाण्याचा गडवा दिला. एकाने दुकानाचा पत्तादेखील विचारला. सगळ्यांत मोठ्याने हसत होता तो टोपीवाला. ज्यांनी दात पाडला त्यांनीच मला हाताला धरून मोटारीत बसवलं, "काऊन नाई सांगतलं बे पहिलेच?" म्हणत.

बाई शेजारी बसली. मग तिचं गाव आलं. उतरताना म्हणाली, "सिद्धा घरी जाय बे." मघाचं 'वं' गेलं होतं. थपडांपेक्षा ते मला जास्त लागलं.

ही बातमी माझ्याआधी खामगावात पोचली. दात पडलेलं तोंड घेऊन मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, आता हाकलून देतील अशा तयारीने. शेठजी गादीवरून उठून आले. "अरे, फाट्यावर लुगडं नेसून दाखवलं म्हनते तू! मेहकरकडचे लोक विचारत आले ना सकाळी!" त्यांचा चेहरा फुललेला. ते वाईट नव्हते. त्यांना खरोखरच वाटलं की मी दुकानासाठी मार खाल्ला. चार दिवसांत त्यांनी पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून आणली. वर दुकानाचं नाव, खाली 'लुगडी, पातळे, खण'. दोन भोकं आणि सुतळी, गळ्यात अडकवायला. "आता बाजाराच्या दिवशी लोणारले जाय. लुगडं नेस, पाटी घाल, फिर. कोनी हात लावनार नाई, माह्या नावाची पाटी हाये."

मला मोह झाला. का होऊ नये? जे मी चोरून करत होतो ते आता भर दुपारी करायला मिळणार होतं. मोटारीत, बाजारात, उजळ माथ्याने. शेठजी दुकानातलं कोरं लुगडं काढायला लागले तेव्हा मी म्हणालो, "नवं मळते. माह्याकडे ते डागाचं हाये, वहिनीले द्याचं राह्यलं." माझ्या काटकसरीचं त्यांना फार कौतुक वाटलं.

लोणारच्या बाजारात मी पाटी घालून उभा राहिलो. शेठजींचं खरं होतं, कुणी हात उगारला नाही. लोक पाटी वाचायचे आणि हसायचे. वाचता न येणाऱ्याला दुसरा वाचून दाखवायचा, मग दोघे हसायचे. हसणं विखारी नव्हतं. माकडवाल्याच्या माकडाला हसतात तसं होतं. मी पदर हातावर पसरून बडबडत होतो आणि मनात म्हणत होतो, हेच हवं होतं ना तुला? पडक्या देवळातून एकट्याने बाहेर येताना जो जीव सुपाएवढा व्हायचा, तो त्या भरल्या बाजारात मला कुठं सापडेना. अंगावर लुगडं होतं आणि नेसलेलं कुणीच नव्हतं.

समोर ओळीने भाजीवाल्या बसल्या होत्या. वांगी-मिरच्यांची टोपली पुढे घेऊन बसलेल्या एकीने मला पाहिलं आणि मान फिरवली. मोटारीतली तीच बाई होती.

मग टोपीवाला आला. तोही बाजार करायचा, त्यात नवल नाही. त्याच्या हातावर पिनेचा व्रण राहिलाय का ते मी पाहिलं. नव्हता, याचं वाईट वाटलं. त्याने दोन दोस्तांना बोलावलं. "फाट्यावरचा हाच तो," म्हणाला. आणि मग गर्दीदेखत, दिवसाढवळ्या, "पोत पाहू दे ना" असं म्हणत त्याने हात माझ्या मांडीवर ठेवला आणि फिरवला. मोटारीत तो हात चोरून आला होता. इथं तो उघड आला. लोक हसले. शेजारच्या बाया हसल्या. का हसू नये? पाटी होती. पाटीवर लिहिलं होतं की हा माल आहे, आणि माल हाताळूनच घ्यायचा असतो.

मी सुतळी डोक्यावरून काढली. पाटी पत्र्याची होती, कड चांगली धारेची. ती मी त्याच्या हातावर हाणली.

"हे लुगडं इकाऊ नाई," मी म्हणालो. आवाज बारीक असला तरी लांब जातो. "माह्यं हाये हे. हात काढ."

हसू जागच्या जागी थांबलं. "म्हंजे?" एकाने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. "मंग नेसला कायले?"

आता खोटं तयार होतं. शेठजींचं होतं, बाईचं होतं, पत्र्यावर रंगवलेलं होतं. पाटी पुन्हा गळ्यात घातली असती, एक विनोद केला असता, तर सगळे हसून पुढे गेले असते आणि मी धडधाकट घरी गेलो असतो. मी म्हणालो, "मले आवडते म्हून. दुकानासाठी नाई नेसलो. त्या दिवशी फाट्यावर बी नाई. माह्यासाठी नेसलो."

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवट गोड झाला असा कुणाचा समज होणार नाही. नोकरी गेली. शेठजींनी रागावून नाही, खाली मान घालून जायला सांगितलं. खोलीच्या मालकाने सामान ओसरीवर काढून ठेवलं. देऊळघाटला भाऊ म्हणाला, तू आमच्यासाठी मेलास, आणि तो शब्दाचा पक्का निघाला. पुढे मी शिवणकाम धरलं. बाया पोलकी शिवायला येतात, मापं देतात, पोटातलं बोलतात. मी कधी धोतरात असतो, कधी लुगड्यात. दोनदा आणखी मार खाल्ला. एकदा दिलासुद्धा. पुन्हा पाटी मात्र कुणी माझ्या गळ्यात घालू शकलं नाही.

पण त्या दुपारचं राहिलं. बाजार गप्प होता आणि त्या गप्प बाजाराचा काही भरवसा नव्हता. टोपीवाला हात दाबून शिव्या देत होता. मोटारस्टँड बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. मी पाटी तिथंच टाकली आणि चालायला लागलो. मागून कुणी तरी फेकलेलं पहिलं ढेकूळ पायाशी फुटलं. भाजीवाल्यांच्या ओळीपाशी आलो तेव्हा ती बाई टोपलीमागे उभी राहिली होती.

"त्या दिवशी माह्या लबाडीनं वाचला तू," ती म्हणाली. रागावली होती. "आज काऊन खरं बोलला बे?"

"लबाडीनं जीव वाचला," मी म्हणालो, "लुगडं गेलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. वरपासून खालपर्यंत, काठावरच्या डागापर्यंत. मग माझ्या डाव्या हाताकडे. तो अजून कोपरातून वाकलेला होता. पदर अजून पुढे, बुट्टे वर, काठ बाहेर. एवढं सगळं बोलून झालं तरी माझा हात दुकानातच होता.

तिने हात पुढे केला, पदराचं टोक माझ्या हातावरून उचललं आणि माझ्या डोक्यावरून, खांद्यावरून, पाठीवर टाकलं.

"पदर मांगं टाकत जाय वं," ती म्हणाली. "पुढं धरतेत ते इकनारे."

मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली बसून मिरच्या सारख्या करायला लागली होती.

स्टँडपर्यंत मी पळालो नाही. दुसरं ढेकूळ पाठीवर बसलं, पदरावर, आणि फुटलं. मोटारीच्या पायरीवर थांबून मी पदर झटकला, पुन्हा डोक्यावरून नीट घेतला आणि बायांच्या बाकावर जाऊन बसलो. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, मागे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"कुठं?" त्याने विचारलं.

"खामगाव," मी म्हणालो. "शेवटपर्यंत."